दोन हजारांत सर्फबोर्ड: त्या फॉरवर्डला एका फायबरवाल्याचं उत्तर

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा मेसेज आला. "मामा, तुमच्याकडं फायबरचं रेझिन असतंय न्हवं? तीनेक किलो काढून ठेवा. थर्माकोल मी आणलाय." खाली तो फॉरवर्ड. 'घरच्या घरी सर्फबोर्ड, फक्त २,००० रुपयांत!' प्रत्येक मुद्द्यापुढं आगीचं चित्र आणि शेवटी 'कोकणात जाणाऱ्या प्रत्येक मित्राला पाठवा'. याआधी तीन ग्रुपवर येऊन गेला होता, मी सोडून दिला होता. पण ताईच्या हॉलमध्ये थर्माकोलचा ढीग येऊन पडला आणि पोरांनी जुलैतला रविवारही ठरवला म्हटल्यावर गप्प बसणं शक्य नव्हतं.

मी कोण? उद्यमनगरात फायबरचं काम करतो. कूलरच्या बॉडी, टाक्या, बंपर. कोल्हापूरला समुद्र नाही हे मलाही ठाऊक आहे, कमेंटमध्ये सांगायची तसदी घेऊ नका. काही वर्षांपूर्वी मालवणकडचा एकजण मधोमध मोडलेला बोर्ड टेम्पोत टाकून दुरुस्तीला घेऊन आला. तो जोडता जोडता मला नाद लागला. तेव्हापासून स्वतःसाठी दोन बोर्ड केलेत. पहिला वाईट होता.

आता मेसेजकडे. पहिलं वाक्य: 'बोर्ड जितका लांब आणि निमुळता तितका वेगवान. आखूड-रुंद बोर्ड मंद असतो, छोट्या लाटांत चालतच नाही.'

यात अर्धं खरं आहे, ते आधी देऊन टाकतो. बोर्डवर पालथं पडून हातांनी पाणी मारत लाटेच्या पुढं जाताना बोर्ड पाण्यात बसलेला असतो, पाणी बाजूला सारत चालतो. तिथं लांबी कामाला येते, आणि नऊ फुटी बोर्ड बारकी लाटही आरामात पकडतो. कबूल. पण लाट बोर्डला ढकलायला लागली की खेळ बदलतो. आता बोर्ड पाणी कापत नाही, पाण्यावर घसरतो. लहानपणी रंकाळ्यावर आपण खड्यांच्या भाकऱ्या काढायचो. कसला खडा शोधायचो? टोकदार? चपटा, रुंद, पसरट. टोकदार खडा डुबुक करून बुडायचा. बारक्या लाटेत ढकलायला जोर कमी असतो, म्हणून बोर्ड लवकर पाण्यावर उचलला गेला पाहिजे, आणि ती उचल पाण्याला भिडणाऱ्या रुंदीतून मिळते. शिवाय गुडघाभर लाटेची भिंतच एवढीशी, तिच्यात लांब बोर्ड वळवायचा कुठं?

हे माझ्या डोक्यातलं नाही. कॅलिफोर्नियात बॉब सिमन्स नावाचा माणूस होता, कॅलटेक या तिथल्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकलेला, गणिती डोक्याचा. वेगवान बोटींचे तळ पाण्यावर कसे उचलले जातात यावर लिंडसे लॉर्ड यांचं १९४६ सालचं पुस्तक आहे. त्यातला लांबी-रुंदीचा हिशोब सिमन्सनं बोर्डला लावला. त्याचे स्वतःचे बोर्ड लांबच होते आणि तो १९५४ साली सर्फिंग करतानाच गेला. पण त्याचीच रुंद शेपूट आणि सपाट तळ घेऊन २००६ च्या सुमारास सॅन दिएगोत साडेपाच फुटांच्या आसपासचे बोर्ड निघाले. नावच पडलं 'मिनी सिमन्स'. त्याआधी १९६७ मध्ये तिथल्याच स्टीव्ह लिस या पोरानं गुडघ्यांवर बसून चालवायला आखूड, रुंद, माशाच्या शेपटीचा 'फिश' केला होता. म्हणजे आखूड-रुंद बोर्डनं बारक्या लाटा मारायला लागून पन्नासाहून जास्त वर्षं झाली. मेसेजवाल्याला अजून पत्ता नाही.

माझा दुसरा बोर्ड ५ फूट ४ इंच लांब, २२ इंच रुंद, पावणेतीन इंच जाड. आकारमान साधारण ३८ लिटर भरतं, आणि पाण्यात बुडालेला एक लिटर साधारण एक किलो तोलतो. सहा फुटी, साडेअठरा इंची निमुळता बोर्ड २७ लिटरच्या आसपास येतो. म्हणजे आठ इंच आखूड होऊनही माझा अकरा किलो जास्त वजन तोलतो. पहिला का फसला ते सांगतो. रॉकर म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंतचा बाक. तो मी फोटो बघून केळ्यासारखा ठेवला होता. बारक्या लाटेत तो नांगरासारखा पाणी ढकलत बसायचा. दुसऱ्याला तळ जवळजवळ सपाट ठेवला, फक्त नाकाला थोडी उचल. मोठ्या उभ्या लाटेत हाच सपाट तळ नाक खुपसतो आणि रुंदीमुळं एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला वेळ लागतो. मग मोठ्या लाटेत तो न्यायचा नाही, एवढंच.

आता ज्या वाक्यानं माझं डोकं फिरलं ते: 'थर्माकोलला आकार द्या आणि फायबरच्या दुकानातलं साधं रेझिन हार्डनर घालून ब्रशनं मारा.'

अरे बाबा, हे लिहिणाऱ्यानं एकदा तरी करून बघितलंय का? फायबरवाल्याकडचं साधं रेझिन म्हणजे पॉलिस्टर. ते पातळ ठेवायला त्यात स्टायरीन असतं. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, त्याच स्टायरीनचा फुगवलेला भाऊ. भाऊ भावात विरघळतो. भाच्याला तोंडी पटेना, म्हणून शेडवर बोलावलं. टीव्हीच्या खोक्यातला विटेएवढा तुकडा घेतला, मगात रेझिन, कोबाल्ट आणि हार्डनर कालवलं आणि ब्रश त्याच्याच हातात दिला. पहिला हात मारला तेव्हा पृष्ठभाग ओला चकचकीत दिसला, पोरगं खूष. मग देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडायला लागले. बारीक चरचर ऐकू आली. ब्रश आत जायला लागला, जणू उकडलेल्या बटाट्यात चमचा. थोड्या वेळानं विटेच्या जागी पांढऱ्या चिकट लगद्याचं थारोळं आणि शेडभर तो डोकं चढवणारा वास. "आयला मामा, गेला की!" गेलाच.

काही जण वरून म्हणतील, आधी फेव्हिकॉलचा थर द्यायचा. देता येतो, काही अंशी वाचवतोही. पण टाचणीच्या टोकाएवढं छिद्र राहिलं की रेझिन तिथून आत शिरतं आणि वरून धड दिसणारा बोर्ड आतून पोकळ होतो. सिमन्सनंही १९४० च्या दशकाच्या शेवटी याच फोमचे बोर्ड केले, तेव्हा त्याला फोमवर प्लायवूड आणि कडांना बाल्सा लाकूड चढवावं लागलं, कारण हेच रेझिन फोम खात होतं. पंचाहत्तर वर्षांपूर्वीची अडचण, आणि आपल्याकडं आजही आगीच्या चित्रासकट फिरतेय. थर्माकोल वापरायचाच तर इपॉक्सी घ्या, ते रेझिन थर्माकोल खात नाही. पॉलिस्टर वापरायचं तर आत पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा फोम घ्या. आणि खोक्यातला ठिसूळ थर्माकोल नको, घट्ट दाण्याचा ठोकळा मागा. इपॉक्सी आणि काचेचं कापड आणेपर्यंतच ते दोन हजार उडतात.

'फिन फक्त शोभेला.' फिन म्हणजे बोर्डच्या तळाला शेपटीकडं असलेला माशाच्या परासारखा पंख. शोभेला नाही. जुन्या हवाईयन लाकडी बोर्डांना फिन नसायची हे खरं, पण टॉम ब्लेकनं १९३५ मध्ये ती बसवली ती काही नटवायला नाही. रुंद सपाट बोर्ड फिनविना खेकड्यासारखा आडवा सरकतो. मी दोन लांब, बुटक्या फिन लावल्यात.

'वॅक्सऐवजी मेणबत्ती घासा.' घासा. पाय सटकला की कळेल.

आणि शेवटचा मुद्दा, ज्याच्यासाठी मी खरं तर लिहायला बसलो. 'बोर्ड हेच लाइफ जॅकेट, पोहता येत नसलं तरी चालतं. लाटा जून-जुलैत सर्वात भारी, तेव्हाच जा.'

हे लिहिणाऱ्याला समोर बसवून विचारावंसं वाटतं. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारी बंद असते. ती माशांच्या पैदाशीसाठी आणि खवळलेल्या दर्यासाठीही. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या समुद्र आहे ती माणसं होड्या वर ओढून ठेवतात, नारळी पौर्णिमेला नारळ देऊन मग पुढचं बघतात. आणि आपण इथून आंबा घाट उतरून थर्माकोल घेऊन आत जाणार? लाइफ जॅकेट अंगाला बांधलेलं असतं. बोर्ड पायाच्या दोरीला असतो आणि फेसाळ लाटेत दोरी तुटते. मग बोर्ड एकीकडं, पोरगं दुसरीकडं. सुटलेला बोर्ड परत येतो तोही डोक्यावर.

पंचगंगेत पोहणाऱ्यांना वाटतं आपल्याला येतंय. नदीची ओढ वेगळी. किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. जिथं लाटा फुटत नाहीत, पाणी शांत दिसतं, तिथंच बऱ्याचदा ती वाट असते, आणि नवखा माणूस नेमका तिथं उतरतो. ओढला गेलात तर किनाऱ्याकडं झटू नका, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर या. हे पोहता येणाऱ्याला सांगायचं. न येणाऱ्याला काय सांगू?

ताईनं जुलैचा बेत मोडला. तिनं माझ्यापेक्षा कमी शब्दांत मोडला. दिवाळीनंतर लाटा गुडघ्या-कमरेपर्यंत उतरल्या की जायचं, शिकवणाऱ्याबरोबर, आणि तोवर भाच्यानं रोज सकाळी तलावावर पोहायला जायचं, असं ठरलंय. बोर्ड शेडवर करतोय. काल प्लायवर नव्या बोर्डचा साचा कापला, पुन्हा २२ इंच रुंद. भाचा बराच वेळ बघत उभा होता. "मामा, ह्यो पोळपाटच दिसतोय. टोक जरा निमुळतं करूया की, फोटोत भारी दिसतंय." नाही म्हटलं. मेसेजमधला फोटो पुन्हा उघडून त्याला दाखवला. त्या माणसाच्या हातात वल्हं आहे. तो सर्फबोर्ड नाहीच.