माझ्या फोल्डरला हात कोणी लावला?

रात्री सगळं नावानुसार, ओळीनं लावलेलं होतं. सकाळी उघडतो तर फोल्डरचा पार बाजार! सोसायटीच्या हिशेबाच्या फायलींवर 'कॉन्ट्रिब्युटिंग आर्टिस्ट्स' आणि 'अल्बम' असे रकाने. का? तर त्याच फोल्डरात मी गणपतीच्या आरत्यांच्या एमपीथ्री टाकल्या होत्या. म्हणजे आत काय आहे ते हुंगून हा विंडोजचा संगणक स्वतःच ठरवतो, की हे गाण्यांचं फोल्डर. अरे, विचारलंस का कोणाला? आता मेंटेनन्सच्या थकबाकीचा गायक म्हणून कोणाचं नाव घालू, खजिनदारांचं?

प्रॉपर्टीज, मग कस्टमाइझ, तिथे जनरल आयटम्स निवडलं तेव्हा गाणं थांबलं. डाउनलोड्समध्ये तर 'आज', 'काल', 'गेल्या आठवड्यात' असे ढीग. 'ग्रुप बाय'मध्ये जाऊन 'नन' (None, म्हणजे काहीच नाही) केलं की सुटतात, हे कळायला मला दोन वर्षं लागली. आणि कंट्रोल दाबलेलं असताना माउसचं चाक जरा फिरलं, की आयकॉन पुरणपोळीएवढे! (कंट्रोल, शिफ्ट आणि ६ एकदम दाबा, तपशिलाची यादी परत येते.)

बायको म्हणते, "फायली आहेत ना जागेवर? मग एवढा काय त्रागा!" आहेत हो. पण तिच्या फडताळातले डबे कोणी रात्रीतून असे हलवून बघा.