सुकाणू कोणाकडे होतं?

या गणपतीत कोकणात हर्णै बंदराला घरी होतो. पाचव्या दिवशी दुपारी ओटीवर दोघा चुलतभावांची जुंपली. थोरला म्हणाला, मोदींनी २०१४ पासून एक दिवससुद्धा रजा घेतलेली नाही, माहितीच्या अधिकारात पंतप्रधान कार्यालयानेच तसं कळवलंय. आणि राहुल गांधी अधिवेशन चालू असताना परदेशी जातात. धाकट्याने लक्षद्वीपच्या समुद्रात पोहतानाचे मोदींचे फोटो पुढे केले. मग गाडी राजीव गांधींच्या लक्षद्वीपवर गेली. १९८७ च्या अखेरची ती सुट्टी मोदींनी २०१९ च्या प्रचारात उकरून काढली, विराट युद्धनौका टॅक्सीसारखी वापरल्याचा आरोप केला, माजी नौदलप्रमुख रामदास यांनी तो खोडून काढला. एवढं होऊनही वाद आमच्या ओटीवर तसाच ताजा. शेवटी दोघेही माझ्याकडे वळले. "तुमच्या ऑस्ट्रेलियात काय करतात?"

डिसेंबर २०१९ मला विसरता येत नाही. आम्ही सिडनीच्या पश्चिमेला राहतो, तेव्हा आसपासच्या जंगलांत वणवे पेटले होते. भर दुपारी सूर्य तांबडा दिसायचा, दाराच्या फटींना ओले टॉवेल लावले तरी सकाळी कट्ट्यावर राखेचा पातळ थर असायचा. धाकट्या मुलीला दमा आहे, ती आठ दिवस घराबाहेर पडली नाही. आणि त्याच सुमारास पंतप्रधान स्कॉट मॉरिसन कुटुंबासह हवाईला गेले होते. ते नक्की कुठे आहेत हे त्यांच्या कार्यालयाकडून सुरुवातीला धड कळेना. १९ डिसेंबरला सिडनीच्या नैर्ऋत्येला झाड कोसळून अग्निशमनाची गाडी उलटली आणि दोन स्वयंसेवक गेले. दोघांनाही लहानगी मुलं होती. मॉरिसन यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि ते सुट्टी अर्धवट टाकून परतले, पण रेडिओवर बोलून गेले की पाण्याचा पाइप काही माझ्या हातात नसतो.

ते खरंच होतं. पंतप्रधानाने पाइप धरावा अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. माझे शेजारी चिडले ते लपवण्यावर. तिथे पंतप्रधान रजेवर गेला की उपपंतप्रधान कारभार बघतो, त्याही वेळी मायकल मॅकॉर्मॅक होतेच. मग आधीच मोकळेपणाने का नाही सांगितलं, हा त्यांचा प्रश्न होता. मुलांना वेळ देणाऱ्या बापावर माझा मुळीच राग नाही. गणपतीला रजा नाकारली तर नोकरीवर पाणी सोडून गावी येणारे चाकरमानी ज्या घरात झाले, त्या घरातला मी. रजा म्हणजे कामचुकारपणा, हे मला पटणारच नाही.

आमच्या बंदरात तर दर्याच रजा घेतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या जाळी विणत बसलेला. एरवी चार-चार दिवस समुद्रात असतानाही तांडेल झोपतो. लहानपणी शेजारच्या काकांबरोबर एकदा गेलो होतो. आडवं होण्याआधी त्यांनी सगळ्या खलाशांना जवळ बोलावलं, एकाच्या खांद्यावर हात ठेवला, "सुकाणू ह्याच्याकडे" म्हणाले आणि पाच मिनिटांत घोरू लागले. न झोपणाऱ्या तांडेलाच्या होडीवर मी माझ्या मुलांना पाठवणार नाही.

आपल्याकडेही हे झालेलं आहे. जानेवारी २००९ मध्ये मनमोहन सिंगांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा मंत्रिमंडळाच्या बैठका प्रणव मुखर्जींनी घेतल्या. सगळ्यांना ते ठाऊक होतं, देश चालू राहिला. मग एकही रजा नाही, हे अभिमानाने का सांगायचं? ज्या मुंबई-गोवा महामार्गाने मी गावी आलो त्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. त्याच्या खड्ड्यांत कोणाच्या रजांचा हिशेब लागत नाही. कामाला कोण जबाबदार, ते केव्हा पुरं होणार, याचा लागायला हवा.

मी भावांना ३ जून २०२० ची आठवण दिली. निसर्ग वादळात आमच्या वाडीतली चाळीस पोफळी आडवी झाली, घराची कौलं उडाली. फोन बंद, कोरोनामुळे विमानं बंद, सिडनीत मी नुसता बसून. तीन आठवडे वाडीत वीज नव्हती. फोन लागू लागला तेव्हा आई विचारायची, खांब कधी येणार, पंचनाम्याला कोण येणार. दिल्लीत किंवा मुंबईत कोण रजेवर आहे, हे तिने एकदाही विचारलं नाही. मग मी भावांना विचारलं, तेव्हा आपल्या वाडीचं काम नक्की कोणाकडे होतं, आठवतं का? दोघांनाही आठवेना.

आईला मात्र परजिल्ह्यातून आलेल्या चार वायरमनची नावं पाठ आहेत. याच ओटीवर ते तीन रात्री झोपले होते.