ऑफिस पार्टीत आनंदी दिसण्याची पूर्वतयारी

डिसेंबर लागला. एचआरचा मेल आला असेल. आला नसेल तर स्पॅममध्ये बघा; तिथेही नसेल तर आपली नोकरी शाबूत आहे ना, याची एकदा खात्री करून घ्या. कारण कुटुंबातल्या प्रत्येकाला हा मेल जातो आणि कंपनी म्हणजे कुटुंब. दिवाळीत बोनसचं विचारलं तेव्हा ‘मार्केट कंडिशन्स’ आड आल्या होत्या, पण कुटुंबात असं थोडंफार चालायचंच.

मेलखाली फॉर्म असतो. त्यात दोनच गोल. पहिल्यापुढे लिहिलेलं असतं ‘हो, मी नक्की येणार!’ आणि त्यापुढे नाचणारी बाई, फुगे वगैरे. दुसऱ्यापुढे नुसतं ‘नाही’. पहिल्यावर टिचकी मारली की फॉर्म संपला. दुसऱ्यावर मारली की खाली एक चौकोन उघडतो, ‘कारण सविस्तर लिहा’, आणि त्याखाली मॅनेजरच्या मंजुरीची ओळ. तेव्हा शहाण्या माणसाने दुसऱ्या गोलाच्या वाटेला जाऊ नये. तो शोभेसाठी आहे.

तरीही जाणारच असाल तर कारण नीट निवडा. स्वतःचं लग्न चालतं. सलाईन चालतं, पण फोटो लागतो. मुलाची परीक्षा, सासूबाईंचं पथ्य, घरी पाहुणे, ही कारणं तुमच्या नावापुढे ‘टीम स्पिरिट’च्या रकान्यात जाऊन बसतात आणि मार्चमध्ये अप्रेझलच्या खोलीत वर काढली जातात. आमच्याकडे एकीने लिहिलं, मार्गशीर्षातला गुरुवार आहे, घरी घट मांडलाय, संध्याकाळची पूजा आणि नैवेद्य झाल्याशिवाय उपास सुटत नाही. तिला उत्तर आलं: ‘नो वरीज! व्हेज काउंटर वेगळा आहे.’

पार्टी गुरुवारीच का, हे विचारू नका. शुक्रवार-शनिवारचा हॉल महाग पडतो. शिवाय दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला कोण कोण जागेवर आहे, तेही पाहता येतं.

कपड्यांची काळजी नको, कारण हा सीझन गणपतीपासून चालू आहे आणि एव्हाना तुमचं कपाट नाटक कंपनीच्या पेटाऱ्यासारखं झालं असेल. गणपतीत ट्रॅडिशनल डे. मग नवरात्राचे नऊ रंग. या रंगांना कुठल्या पोथीचा आधार नाही. या शतकाच्या सुरुवातीला एका मराठी दैनिकाने ते चालवले आणि लेडीज डब्याने उचलून धरले. तिथे ती मजा होती. राखाडीच्या दिवशी पिवळी नेसून आलेल्या बाईला कुणी जाब विचारत नव्हतं. ऑफिसात आल्यावर त्याची एक्सेल शीट झाली. मग दिवाळीचा एथनिक डे, टीमवार रांगोळी, आपापल्या बसायच्या जागेचं ‘बे डेकोरेशन’, फराळाचा पॉटलक. (चकल्या विकतच्या आणा आणि घरच्या डब्यात घाला. सगळ्या तेच करतात आणि सगळ्या एकमेकींना ‘भाजणी घरची का गं?’ विचारतात.) आणि आता ‘विंटर वंडरलँड’. मुंबईत. बाहेर दुपारी पारा बत्तिशीच्या आसपास, आणि तुम्ही थर्माकोलच्या हिममानवाला खेटून, लाल टोपी घालून उभ्या. टोपी नमद्याची असते, घाम आला की तिचा रंग कपाळावर उतरतो आणि दुसऱ्या दिवशीच्या क्लायंट कॉलवर तो कुंकू पुसल्यासारखा दिसतो. साबणाने जात नाही. खोबरेल तेल लावा. या लेखातला खरोखर उपयोगी सल्ला एवढाच.

डान्सची प्रॅक्टिस संध्याकाळी सहानंतर असते. सहानंतरचा तुमचा वेळ बेवारस असतो.

सीक्रेट सँटाची, म्हणजे चिठ्ठीत नाव निघेल त्याला गुपचूप द्यायच्या भेटीची, मर्यादा पाचशे रुपये. मेणबत्ती घ्या. गेल्या वर्षी तुम्हाला मिळालेलीच द्या, फक्त ती कुणी दिली होती ते आठवून.

स्टेजवरचा माणूस ‘आवाज नाही आला!’ म्हणाला की पहिल्याच वेळी ओरडा. तो तिसऱ्यांदा थांबतो, चौथ्यांदाही थांबतो, पण तुमच्याकडे माइक घेऊन आला की मात्र जात नाही.

साहेबांच्या भाषणाला स्टार्टर येतात. ही वेळ मुद्दाम निवडलेली असते. पोऱ्या ट्रे घेऊन तुमच्या पुढ्यात उभा, पनीर टिक्क्यावरचं तूप थिजत चाललेलं, आणि समोर पडद्यावर तिसऱ्या तिमाहीचा आलेख. उचलावं तर कॅमेरा तुमच्यावर. न उचलावं तर तो पोऱ्या तसाच अवघडून उभा. मी असं पाहिलंय की आलेख वर जाणारा असला तर भाषण अर्धा तास चालतं आणि खाली जाणारा असला तर पाऊण तास, कारण मग आपण सगळे एकाच बोटीत असल्याचं सांगावं लागतं.

दारूचा आग्रह झाला तर ‘औषध चालू आहे’ म्हणा. ‘घेत नाही’ म्हटलं तर सुटका नाही. आणि एक गंमत: महाराष्ट्रात कायद्याने हार्ड ड्रिंकसाठी वय पंचवीस लागतं. ज्या ट्रेनी पोरांच्या हातात ‘अरे, बॉन्डिंग होऊ दे’ म्हणत ग्लास कोंबला जातो ती नुकती कॉलेजातून बाहेर पडलेली असतात. साहेब कोंबतात, पोरगं ‘नाही’ म्हणू शकत नाही, आणि नंतर ते उलट्या करताना त्याची पाठ चोळायला साहेब नसतात. पाठ आम्ही चोळतो.

हॉलमध्ये शिरल्या शिरल्या मागचा दरवाजा कुठे आहे ते बघून ठेवा. हे मात्र चेष्टेत घेऊ नका. डिसेंबर 2017 मध्ये याच लोअर परळला, कमला मिलच्या आवारात, रात्री पार्ट्या चालू असताना आग लागली आणि 14 जीव गेले. यंदा आमच्या हॉलच्या मागच्या दारासमोर बियरचे क्रेट रचलेले होते. सजावट समितीत अकरा जण होते, त्यांतल्या एकालाही ते दिसले नाहीत. हिममानव मात्र बरोबर मध्यभागी आला होता.

आता घरी कसं जायचं, तो भाग. हा जरा लांबेल.

मेलमध्ये वेळ होती साडेसहा ते साडेनऊ. साडेनऊला अवॉर्ड सुरू झाले. जेवणाची झाकणं अवॉर्डनंतर उघडणार होती. दारात एक मुलगी स्कॅनर घेऊन उभी: आत येताना हातातली कागदी पट्टी स्कॅन, बाहेर जाताना पुन्हा स्कॅन. ‘मॅम, लकी ड्रॉ झाल्याशिवाय एक्झिट स्कॅन होत नाही.’ मी म्हटलं, मला लकी ड्रॉ नको. ‘मॅम, सिस्टिमच घेत नाही.’ पोरीचा दोष नाही, तिला सांगितलं तसं ती करणार. लकी ड्रॉ झाला साडेदहानंतर. (एअर फ्रायर निघाला. एचआरमधल्याच एकाला.) मग मी ॲडमिनच्या माणसाकडे गाडी मागितली. तो म्हणाला, ‘कॅब ऑफिस अवर्सना असते मॅडम. धिस इज अ सोशल इव्हेंट.’

अच्छा.

महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात लिहिलेलं आहे: रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, सुरक्षिततेची व्यवस्था हवी आणि घराच्या दारापर्यंत वाहन हवं. आमच्या एचआरला हे तोंडपाठ आहे. नाइट शिफ्टच्या मुलींना गाडी मिळते ती त्याच कायद्यामुळे. पण पार्टी म्हणजे काम नाही ना! ठीक आहे, नाही. मग स्कॅनर कशाला होता? न आलेल्यांची यादी शुक्रवारी सकाळी मॅनेजरकडे कशाला गेली? ‘पार्टिसिपेशन’ला अप्रेझलमध्ये गुण कशाचे? आणि काम असेल, तर ठरल्या तासांपलीकडे थांबवल्याचे दुप्पट दराने पैसे द्यायचे असतात, तेही त्याच कायद्यात आहे. ते कुठायत? म्हणजे हजेरी घेताना ते काम, आणि गाडी मागितली की सोशल इव्हेंट. असं कुठल्याही एका बाजूने तरी बोला ना!

एल्फिन्स्टनचा पूल 2025 च्या सप्टेंबरपासून पाडायला घेतला होता, म्हणून करी रोडच्या पुलावर रात्रीचीही गाड्यांची रांग. ॲपवरच्या दोन टॅक्स्या बदलापूर म्हटल्यावर रद्द झाल्या. तिसऱ्याने आकडा सांगितला तो मी इथे लिहीत नाही, घरचे हा लेख वाचतात. मग हातात कंपनीने दिलेला भेटीचा हॅम्पर, पायात टाचांच्या चपला, कपाळावर लाल पट्टा, अशी चालत करी रोड स्टेशन. तिथे स्लोच थांबते. दादरला उतरून बदलापूर गाडी. पुढे साठेक किलोमीटर. लेडीज डब्यात आम्ही चौघी आणि दाराशी रेल्वे पोलिसांचा एक मुलगा, जांभया देत उभा. बदलापूरपर्यंत मला सोबत कुणी केली असेल तर त्याने. त्याच्या छातीवर आमच्या कंपनीचा ‘वन फॅमिली’चा बिल्ला नव्हता. बदलापूरला शेअर रिक्षा केव्हाच गेलेल्या. स्पेशल करावी लागली.

मघाशी सांगितलेली ती घटवाली मीच. पूजा माझ्या लेकीने केली, फोनवर विचारत विचारत, आणि तो फोन मी बाथरूममध्ये जाऊन घेत होते कारण बाहेर हाउजीचे आकडे चालू होते. नैवेद्याचं ताट झाकून ठेवलेलं होतं. ते मी मध्यरात्रीनंतर खाल्लं आणि सकाळी 6:50 ची गाडी पकडली. साडेनऊला जागेवर होते. होतेच.

माझे सासरे याच गिरणगावात मिलमध्ये होते. आज जिथे काचेच्या इमारती आहेत तिथे त्यांचं खातं होतं. दसऱ्याला खात्यातल्या मशिनींना झेंडूची माळ घालायचे, नारळ फोडायचे, पेढा वाटायचे, आणि शिफ्ट संपली की माणूस घरी. मिल काही देवमाणसांनी चालवलेली नव्हती, तिथल्या पिळवणुकीच्या गोष्टीही ते सांगायचे, बोनससाठी तर संप झाले. पण मालकाने कधी त्यांना टोपी घालून ‘तुम्ही खूश आहात, हे नाचून दाखवा’ असं सांगितलं नाही. मजुरी घेतली, तेवढ्यावर भागलं. आमच्याकडून मजुरीही हवी आणि वर चेहराही हवा.

आणि कुटुंब म्हणता ना? आमच्या पॅन्ट्रीतले मामा दुपारपासून हॅम्परचे खोके टेम्पोत चढवत होते, मग हॉलवर उतरवत होते. दारावरचा सिक्युरिटीवाला आमच्या बॅगा सांभाळत होता. दोघांच्याही मनगटाला कागदी पट्टी नव्हती, कारण ते कंत्राटदाराकडचे. अकरा वाजता मी निघाले तेव्हा मामा भिंतीशी उभं राहून प्लेटमधला गार पुलाव खात होते, काउंटर आवरायला घेतल्यावर जो उरला तो. त्यांना कर्जत गाठायचं होतं. तो हॅम्परही त्यांना नव्हता. मी माझा दिला तर म्हणाले, ‘नको ताई, गेटवर झडती होते, उगाच चोरीचा आळ यायचा.’

तेव्हा सल्ले पुरे. आता एचआरच्या आणि साहेबांच्या कानावर घालायचं ते सरळच घालते. तुम्हाला सोहळ्याचे फोटो हवे असतात, आमच्या आनंदाशी तुम्हाला देणंघेणं नाही, हे आम्हाला कळतं. शिपायापासून सगळ्यांना कळतं. तुम्ही ज्याला टीम स्पिरिट म्हणता ती नोकरी जाण्याची भीती आहे. आमची एकमेकींशी मैत्री आहे, ती 8:12 च्या गाडीत आणि डब्याच्या वेळी झाली, तुमच्या हाउजीने नाही. पार्टी करायचीच असेल तर कामाच्या दिवशी दुपारी तीनला करा, ऑफिसातच करा, साडेपाचला सोडा. ज्याला यायचंय तो येईल, ज्याला जागेवर बसून काम उरकायचंय तो उरकेल, त्याचं नाव लिहून घेऊ नका. उशीर होणार असेल तर बायकांना, आणि हो, पुरुषांनाही, गाडी द्या. ते काम की सोशल, तुमचं तुम्ही ठरवा, पण गाडी द्या. थर्माकोल आणि त्या निवेदकावर उधळलेले पैसे वाटून टाका, आम्ही ‘आवाज’ आपोआप काढू. आणि पॅन्ट्रीतल्या मामांना आधी जेवायला बसवा, ताटात गरम वाढा, मग तुमच्या स्लाइड दाखवा.