मोडीत निघालेल्या पावणेसात लाख गाड्या आणि एक सोयीस्कर हिशोब

जुनी गाडी मोडीत काढा, नवी घ्यायला सरकारकडून पैसे मिळवा, अशा योजनेची भलामण करणारा एक मजकूर बराच फिरतो आहे. गोषवारा असा: अमेरिकेने २००९ मध्ये ही योजना आणली, लोकांनी उड्या टाकल्या, पैसे आठवड्यात संपले, वाहन उद्योग तरला, हवा स्वच्छ झाली, सामान्य माणसाच्या दारात नवी गाडी आली आणि सरकारचे पैसे करातून वसूलही झाले. तेव्हा सगळ्या देशांनी हेच करावं.

पैसे आठवड्यात संपले हे खरं आहे. त्यावरून पुढे जे काही काढलंय, त्यातलं फारसं टिकत नाही.

आधी योजना काय होती ते बघू, कारण अटींमध्येच बरंच काही दडलेलं आहे. 'कॅश फॉर क्लंकर्स' या नावाने ती ओळखली गेली. क्लंकर म्हणजे खटारा. गॅलनला १८ मैल किंवा त्याहून कमी, म्हणजे लिटरला साधारण साडेसात किलोमीटरपर्यंत अॅव्हरेज देणारी गाडी द्यायची. ती चालू स्थितीत हवी आणि तिचं वय २५ वर्षांच्या आत हवं. बदल्यात नव्या गाडीवर ३,५०० किंवा ४,५०० डॉलर सूट. नव्या गाडीची किंमत मात्र ४५,००० डॉलरच्या वर नको. जुलैच्या अखेरीस १०० कोटी डॉलर हातोहात संपले, मग संसदेने आणखी २०० कोटी घातले, आणि २४ ऑगस्टला खिडकी बंद झाली. तोवर सुमारे ६ लाख ७७ हजार गाड्या जमा झाल्या होत्या.

'पैसे संपले, म्हणजे योजना यशस्वी.' साडेचार हजार डॉलर वाटायला काढले तर ते संपणारच. न संपते तर नवल. एवढ्यावरून कळतं ते इतकंच, की किती जणांनी पैसे घेतले. पैसे नसते मिळाले तर त्यातल्या किती जणांनी गाडी घेतलीच नसती, हा खरा प्रश्न, आणि फिरणाऱ्या मजकुरात तो कुठेच नाही.

तो अतिफ मियां आणि अमीर सूफी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी विचारला. कुठल्या शहरात खटारे जास्त होते आणि कुठे कमी, यावरून त्यांनी शहरांच्या विक्रीची तुलना केली. जुलै-ऑगस्टमध्ये योजनेमुळे साडेतीन लाखांहून थोड्या जास्त गाड्या खरोखरच जादा विकल्या गेल्या, असं दिसलं. म्हणजे जवळपास निम्मे लोक तेव्हा गाडी घेणारच होते, आणि त्यांना त्यासाठीच पैसे मिळाले. उरलेल्या निम्म्यांचं काय? खटारे जास्त असलेल्या शहरांत पुढच्या महिन्यांत विक्री तेवढीच खाली बसली आणि मार्च २०१० पर्यंत जवळपास सगळी वाढ पुसली गेली. त्या लोकांनी गाडी जादा घेतली नव्हती, काही महिने आधी घेतली होती.

हे एकट्या अमेरिकेत घडलं असंही नाही. फ्रान्सने १९९४ ते १९९६ च्या दरम्यान अशा दोन योजना चालवल्या. लोकांनी त्यांना तेव्हाच्या पंतप्रधानांच्या नावांवरून 'बालादुरेत' आणि 'ज्युपेत' अशी लाडकी नावं दिली. १९९६ मध्ये तिथे २१ लाखांवर नव्या मोटारींची नोंदणी झाली. योजना संपली आणि १९९७ मध्ये ती १७ लाखांच्या आसपास आली. जर्मनीने २००९ मध्ये नऊ वर्षांहून जुन्या गाडीमागे २,५०० युरो दिले, त्यावर ५०० कोटी युरो खर्च केले. त्या वर्षी ३८ लाख मोटारी नोंदल्या गेल्या, पुढच्या वर्षी २९ लाख.

इथे योजनेच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. ऐन मंदीत कारखाने बंद पडलेले असताना मार्चची विक्री ऑगस्टमध्ये खेचून आणणं हासुद्धा उपयोग असू शकतो. तेवढाच दावा असता तर मी हा लेख लिहिला नसता. पण 'उद्योग तरला' असं म्हणताना हे विसरलं जातं, की क्रायस्लर एप्रिलअखेरीस आणि जनरल मोटर्स १ जूनला दिवाळखोरीच्या कोर्टात गेल्या होत्या आणि त्यांना सावरलं ते सरकारने वेगळ्या दिलेल्या अब्जावधी डॉलरच्या मदतीने. खटाऱ्यांचं दुकान उघडायला अजून अवकाश होता.

आणखी एक गंमत आहे. मार्क होकस्ट्रा, स्टीव्हन पुलर आणि जेरेमी वेस्ट यांनी टेक्सासमधले खरेदीदार तपासले: ज्यांची जुनी गाडी १८ मैलांच्या अटीत जेमतेम बसली ते, आणि ज्यांची थोडक्यात हुकली ते. दोन्ही गट एरवी सारखेच. सात-आठ महिन्यांनी पाहिलं तर दोन्ही गटांनी गाड्या जवळपास सारख्याच प्रमाणात घेतल्या होत्या. फरक एवढाच, की सूट मिळालेल्यांनी अॅव्हरेजची अट पाळण्यासाठी लहान आणि स्वस्त गाड्या घेतल्या होत्या. म्हणजे ज्या उद्योगाला पैसे पुरवायचे होते, त्याच्या गल्ल्यात योजनेमुळे उलट कमी पैसे आले.

'हवा स्वच्छ झाली.' जमा झालेल्या गाड्यांचं सरासरी अॅव्हरेज लिटरला ६.७ किलोमीटर होतं, घेतलेल्यांचं १०.६. सुधारणा खरी आहे, पण ती किती मोठी, ते मोजायला कॅल्क्युलेटर पुरतो. वर्षाला २०,००० किलोमीटर धरले तर एका गाडीमागे साधारण १,१०० लिटर पेट्रोल वाचतं. सगळ्या गाड्या मिळून सुमारे ७५ कोटी लिटर. अमेरिका तेव्हा एका दिवसात १४० कोटी लिटरच्या आसपास पेट्रोल जाळत होती. वर्षभराची बचत म्हणजे जेमतेम अर्ध्या दिवसाचं पेट्रोल! तीही फक्त तेवढीच वर्षं मोजायची, जितकी वर्षं ती जुनी गाडी एरवी रस्त्यावर राहिली असती. कायमची नव्हे.

याच्या उलट टोकाचा एक मजकूरही फिरतो: नवी गाडी बनवतानाच इतका कार्बन हवेत जातो की बचत शून्य. तेही सरसकट खरं नाही. १,१०० लिटर पेट्रोल म्हणजे वर्षाला अडीच टन कार्बन डायऑक्साइड. नवी मोटार बनवण्याचे काही टन त्यातून दोन-तीन वर्षांत फिटतात. पण ही झाली सरासरी. योजनेतली अट तपासली तर एसयूव्ही आणि पिकअपसारख्या गाड्यांना गॅलनमागे फक्त दोन मैलांची सुधारणा पुरेशी होती. लिटरला एक किलोमीटरही न वाढता ३,५०० डॉलर! तिथे ते काही टन फिटायला आठ-एक वर्षं लागतील, आणि तोवर जुनी गाडी तशीही भंगारात गेली असती. जर्मनीने तर अॅव्हरेजची अटच घातली नव्हती, तरी सरकारी नाव होतं 'पर्यावरण प्रीमियम'. लोकांनी त्याला 'मोडीचा प्रीमियम' म्हटलं आणि तो शब्द, आबव्राकप्रेमिए, तिथे २००९ चा 'वर्षाचा शब्द' म्हणून निवडला गेला.

'सामान्य माणसाला नवी गाडी मिळाली.' साडेचार हजारांची सूट मिळाली तरी उरलेले दहा-पंधरा हजार डॉलर रोख किंवा कर्जाने उभे करावे लागत होतेच. ज्याला ते जमत नाही तो सेकंडहँड गाडी घेतो, आणि जमा झालेल्या गाड्या नेमक्या त्याच वर्गातल्या होत्या: चालू, विमा उतरवलेल्या, स्वस्त. त्या परत विकल्या जाऊ नयेत म्हणून डीलरने इंजिनातलं तेल काढून सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचं आणि इंजिन गच्च धरून बंद पडेपर्यंत चालवायचं, असा नियम होता. तापल्यावर ते द्रावण काचेसारखं घट्ट होतं. चांगलं चालणारं इंजिन असं मारताना मेकॅनिकच्या जिवाला काय वाटत असेल, हा विचार मनात येतोच. सेकंडहँडचे भाव यामुळे भडकले, असं मी म्हणणार नाही. कोट्यवधी गाड्यांच्या देशात पावणेसात लाख फार नव्हेत. पण गरिबाचा फायदा झाला म्हणायला कुठलाही आधार नाही.

'पैसे करातून परत आले.' गाडीच्या विक्रीवरचा कर तिथे राज्यं घेतात, सूट केंद्र सरकारने दिली होती. शिवाय आधी उरकलेल्या विक्रीचा कर नंतर येणारच होता.

शेवटचा दावा सगळ्यात हुशार आहे: 'जुन्या, धुरकट गाड्या रस्त्यावरून काढायला दुसरा मार्गच नाही.' पुन्हा अटींकडे जाऊ. गाडीचं वय २५ च्या आत हवं, म्हणजे १९८४ नंतरची. अमेरिकेत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर १९७५ च्या मॉडेलपासूनच बसू लागला होता. म्हणजे कन्व्हर्टर नसलेल्या, खरोखर काळा धूर ओकणाऱ्या गाड्या या योजनेत बसतच नव्हत्या.

त्या काढायचा मार्ग २००९ च्या कितीतरी आधी वापरून झाला होता. १९९० मध्ये युनोकल या तेल कंपनीने लॉस एंजेलिस परिसरात १९७१ च्या आधीच्या मोटारी प्रत्येकी ७०० डॉलरला विकत घेऊन चिरडल्या, आठ हजारांवर. कॅलिफोर्नियाचं सरकारही पुढे धुराच्या चाचणीत नापास झालेली गाडी मोडीत देणाऱ्याला पैसे देऊ लागलं. त्या पैशांतून मालकाने बसचा पास काढावा, सेकंडहँड गाडी घ्यावी की सायकल, हे त्याचं त्याने ठरवायचं. नव्या गाडीची पावती तिथे कोणी मागत नाही.