कोना केस शेतस ह्या?

जळगाव-धुळे एसटीत, एरंडोल सोडल्यावर, एका अनोळखी म्हातारीने माझ्या डोक्यात हात घातला. पाचही बोटं, थेट मुळापर्यंत. दिराचं लग्न होऊन गेलं, नवरा-नवरी फिरून आले, आहेराच्या साड्यांवरून रुसवेफुगवेही झाले, तरी मला ते अजून पचलेलं नाही.

आधी थोडक्यात मागचं. दिवाळीच्या आधी मला डेंग्यू झाला. ताप असतो तोवर केस जागेवर असतात. आपण बऱ्या होऊन चार लोकांत हिंडायला लागलो की दोन-तीन महिन्यांनी ते मुठीमुठीने निघतात. डॉक्टर म्हणाले, परत येतील, धीर धरा. केस महिन्याला जेमतेम सव्वा सेंटीमीटर वाढतो आणि धाकट्या दिराचं लग्न मे महिन्यात. या हिशेबात धीर कुठेच बसेना. म्हणून एक्स्टेन्शन्स लावून घेतली, खऱ्या माणसाच्या केसांची, टेपवाली.

म्हणजे साधारण चार सेंटीमीटर रुंदीची पट्टी, तिच्या वरच्या कडेला गोंद. आपल्या केसांची एक पातळ बट घ्यायची, खालून एक पट्टी, वरून एक पट्टी, आणि दाबायचं. मधे आपले बिचारे केस. शंभर ग्रॅम, चाळीस पट्ट्या, १८,००० रुपये. घरी आकडा अठराशे सांगितला. साडीचा, पर्सचा आणि पार्लरचा आकडा घरी पोचेपर्यंत एक शून्य गाळून जातो, ही आमच्याकडची जुनी रीत आहे.

पार्लरवाली म्हणाली, "मॅडम, मेंटेनन्स काहीच नाही." आणि मग काहीच नसलेला तो मेंटेनन्स अर्धा तास सांगत बसली. ४८ तास पाणी लावायचं नाही. शाम्पू सल्फेट नसलेला. कंडिशनर मधल्या लांबीपासून खाली, मुळाला अजिबात नाही. विंचरायचं टोकाकडून वर. ओल्या केसांनी झोपायचं नाही, झोपताना सैल वेणी. बोअरचं पाणी टाळायचं. सहा ते आठ आठवड्यांनी आपले केस वाढून पट्ट्या खाली सरकतात, तेव्हा येऊन पुन्हा वर चढवून घ्यायच्या, त्याचे पैसे वेगळे. आणि हो, घाम येऊ द्यायचा नाही.

जळगावात. मे महिन्यात. पारा ४५ ला टेकलेला असताना.

"घाम येऊ द्यायचा नाही म्हणजे नेमकं काय करायचं?"

"एसीत बसायचं ना मॅडम."

तिच्या नियमांत सगळ्यात कडक नियम तेलाचा. आपल्या टाळूतून सुटणारं तेल या केसांपर्यंत पोचत नाही, त्यामुळे ते लवकर कोरडे पडतात, टोकांना अगदी थोडं लावलं तर चालतं. पण मुळाशी तेल गेलं की गोंद सुटलाच. थोडक्यात, टोकाला तेल हवं आणि टाळूला नको. हे आमच्या आईला समजावून सांगायला मी तिच्याकडे गेले. तिने सगळं शांतपणे ऐकलं. रात्री मला डुलकी लागल्यावर खोबरेल कोमट केलं आणि टाळूवर थापलं. "चार थेंब तर लावले. डोकं नुसतं तापलं होतं तुझं." तापलं होतं, हे खरं आहे.

सकाळी ते डोकं घेऊन मी बसमध्ये बसले. नवरा लग्नाचं सामान घेऊन आदल्या दिवशीच पुढे गेला होता. ७५ वर्षांवरच्यांना एसटी फुकट झाली २०२२ मध्ये, बायकांना अर्धं तिकीट २०२३ मध्ये, तेव्हापासून आमच्या भागात बसायला जागा मिळणं हाच एक आहेर असतो. एरंडोलला ही आजी चढली, माझ्या शेजारी टेकली आणि पदराने वारा घेता घेता माझ्या मानेकडे बघत राहिली. मग तिच्या अहिराणीत म्हणाली,

"काय वं माय, हाई काय चिटकाडेल शे?"

मी काही बोलायच्या आत बोटं डोक्यात. मग माझ्या वाट्याची काळजी तिनेच सुरू केली.

"डोकाले टाका पडनात का? कसं लागनं?" आणि लगेच, साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात, "नवरानी मारं का वं?"

पुढच्या दोन सीटवरची डोकी वळली. एका बाईंच्या चेहऱ्यावर तर पोलीस स्टेशनपर्यंत सोबत यायची तयारी दिसली. घाईघाईने सांगावं लागलं की आजी, मारलं नाही कोणी, केस लावून घेतले आहेत.

"लायेल शेतस? मंग तुन्हा कोठे गयात?"

"गळले. डेंग्यू झाला होता."

"कोना केस शेतस ह्या?"

कोणाचे केस आहेत हे, हा प्रश्न खरं म्हणजे मी पार्लरमध्ये विचारायला हवा होता. पार्लरवालीने 'रेमी, टेम्पल हेअर' एवढंच सांगितलं होतं आणि मीही समजल्यासारखी मान हलवली होती. आजीला मी म्हटलं, "तिरुपतीचे."

आजीचा वारा थांबला.

"मी बी बालाजीले केस दिनात." आंडोर, म्हणजे मुलगा, फार आजारी होता, त्याच्यासाठी नवस बोलली होती. तो बरा झाला आणि आजी डोक्याचा गोटा करून आली. तेव्हा केस कमरेखाली होते, म्हणाली. आता पदराखाली बोटभर शेपूट होती. "देवले देयेल केस इकतस?"

विकतात. उघड विकतात. तिरुमलाच्या कल्याणकट्ट्यात, म्हणजे मुंडणाच्या जागी, रोज हजारो डोकी होतात, केस लांबीप्रमाणे वेगळे केले जातात आणि देवस्थान त्यांचा ई-लिलाव करतं. मुळं-टोकं एका दिशेला राहतील असे जपलेले, म्हणून ते रेमी आणि म्हणून महाग. २००४ मध्ये ज्यू धर्मगुरूंनी हे मंदिरातले केस चालणार नाहीत असा निर्णय दिला, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये, डोकं विगने झाकणाऱ्या कर्मठ ज्यू बायकांनी आपले हजारो डॉलरचे विग रस्त्यावर आणून जाळले होते. २०२२ मध्ये आपल्या सरकारने कच्च्या केसांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, कारण चोरट्या वाटेने फार केस बाहेर जात होते. एवढा पसारा. यातलं मी आजीला निम्मंही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, हो, विकतात.

"कितलाना?"

"अठराशे." घरी सांगितलेलाच आकडा तोंडातून निघाला.

"अठराशेमां दोन लुगडा येतस!" आणि मग ती भडकलीच. कारण फणीतल्या गुंत्याचा गोळा तिने जन्मभर कौलात खोचून ठेवला होता, आणि 'केसांवर भांडीऽऽ' ओरडत येणाऱ्याने वर्षभराच्या गोळ्यांवर तिला काय दिलं, तर एक वाटी. तीही घासताना वाकणारी. तो गोळा आणि माझ्या डोक्यावरचे केस यांचा भाव सारखा नसतो, गुंत्यातल्या केसांची मुळं-टोकं उलटसुलट झालेली असतात, त्यांना ॲसिडात बुडवून, वर सिलिकॉन चढवून गुळगुळीत करावं लागतं, हे सांगायचा मी प्रयत्न केला. आजीने हातानेच उडवून लावलं. केस ते केस.

"जळगावनं सोनं शे का हाई? हॉलमार्क शे का?"

नाही. सोन्याला आहे, केसाला नाही. आजीने मग स्वतःच कसोटी लावायचं ठरवलं. एक केस तोडला (माझा की तिरुपतीचा, कोण जाणे) आणि पुढच्या सीटवरच्या गृहस्थांकडे दिला. ते बहुधा कापसाचे व्यापारी. त्यांनी तो दोन्ही चिमटींत धरून उजेडात ताणला, जसं जिनिंगवर रुईचा पुंजका ताणून बघतात तसं, आणि निकाल दिला, "लांब धागा आहे. ताकद आहे मालात." आजीचं समाधान झालं नाही. तिने काडेपेटी मागितली. खरा केस जळाला की पीस जळाल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते, खोटा असला की वितळून त्याचा मणी होतो. परीक्षा अगदी बरोबर आहे. पण बसमध्ये?

"ओ आजी, गाडीत काडी पेटवू नका," म्हणत कंडक्टर आला. सगळी हकिगत त्याला चार जणांनी एकदम सांगितली. त्याने तिकिटाचं मशीन माझ्यासमोर धरलं. "आजी फुकट, ताई अर्ध्या. केसांचं मात्र फुल काढावं लागेल." गाडी हसली. मीही हसले, कारण न हसणारी बाई जास्त हसू करून घेते.

मला राग येतो तो इथे. आमच्या घरातल्या एका मामांचा विग मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीपासून आहे. आख्ख्या भाऊबंदकीला माहीत आहे. पंख्याखाली बसले की मामा एक हात डोक्यावर ठेवतात. आजवर कोणी त्यांच्या डोक्यात बोटं घातली नाहीत, कोणी भाव विचारला नाही, कोणत्याही कंडक्टरने जास्तीचं तिकीट मागितलं नाही. फोटोला उभे राहिले की उलट लोक म्हणतात, मामा अजून काय मेन्टेन आहेत! बाईचं डोकं मात्र गावचावडी. आईने तेल ओतावं, शेजारणीने उपटून बघावं, व्यापाऱ्याने प्रत ठरवावी. आणि त्या केसांच्या मूळ मालकिणीला प्रसाद मिळाला, नाहीतर वाटी. मधे कोण किती खाऊन गेलं याचा हिशेब आजीने मला मागितला. जणू लिलाव मीच केला होता!

पारोळा जवळ आलं तशी ती पिशवी आवरायला लागली. जाता जाता तिने पुन्हा एकदा ती सैल पट्टी चाचपली. आईच्या खोबरेलाने आणि त्या उकाड्याने आपलं काम केलं होतंच. पट्टी अलगद तिच्या हातात आली. तिने ती लांबवर धरली, टोकापर्यंत बोटं फिरवली.

"ह्या मन्हाच व्हतीन," म्हणाली.

मी परत मागितली. नाही असं नाही, मागितली. पण तोवर केस पिशवीत, पिशवी काखेत आणि आजी दरवाजात. कंडक्टरने घंटी मारली.

लग्नात उरलेल्या ३९ पट्ट्या टिकल्या. हळदीत, वरातीत, मांडवातल्या त्या भट्टीत. गेल्या आठवड्यात त्या वर चढवून घ्यायला पार्लरमध्ये गेले तर मुलीने मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि म्हणाली, एक कमी आहे. नवी लावली. बिलावर वेगळ्या ओळीत लिहिलं: पट्टी १ नग, ४५० रुपये. पारोळ्याची हकिगत तिला सांगून उपयोग नव्हता.

बिल पर्समध्ये राहिलं आणि सुट्टे पैसे शोधताना नवऱ्याच्या हाती लागलं. तो बँकेत आहे. चष्मा वर सरकवून त्याने ते नीट वाचलं.

"अशा पट्ट्या एकूण किती असतात गं?"

"मोजल्या नाहीत," मी म्हटलं.