कुकरातली काळी पूड फोन चार्ज करत नाही

मुंबईच्या ग्रुपांवर फिरणारा दावा असा: बिस्मथ क्लोराइड आणि टेल्युरियम डायऑक्साइड पाण्यात मिसळा, हायड्रॅझिन घाला, कुकरला चार शिट्ट्या द्या. तयार होणारी काळी पूड, म्हणजे बिस्मथ टेल्युराइड (दोन बाजूंच्या तापमानातल्या फरकावर वीज देणारा पदार्थ), दाबून टिक्की करा, दंडाला बांधा. अंगाच्या उबेवर लोकलमध्ये फोन चार्ज.

‘पाण्यात मिसळा’: बिस्मथ क्लोराइड पाण्यात पडलं की पाणी दुधाळ होतं, तो ऑक्सिक्लोराइडचा साका. म्हणून ते इथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवतात, टेल्युरियम डायऑक्साइड वेगळं, सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात. ०.६३ ग्रॅम क्लोराइडला ०.४८ ग्रॅम डायऑक्साइड. काहीच वाया गेलं नाही तर पूड ०.८० ग्रॅम.

‘चार शिट्ट्या’: कुकरात १२० अंश. प्रयोगशाळेत टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या पोलादी ऑटोक्लेव्हमध्ये (घट्ट बंद होणाऱ्या दाबपात्रात) बहुधा १८० अंशांवर २४ तास ठेवतात. तिथे पाण्याच्या वाफेचा दाबच १० बार. क्रिया अर्धवट राहिली तर नुसतं टेल्युरियम उरतं, तेही काळंच. रंगावरून काही कळत नाही, एक्स-रे विवर्तन (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना ओळखणं) करावं लागतं. आणि हायड्रॅझिन विषारी आहे, ते स्वयंपाकघरात आणायचंच नाही.

‘दाबली की झालं’: खरी गोम इथे. पुडीचे कण म्हणजे षटकोनी चकत्या, सूक्ष्मदर्शकाखाली देखण्या दिसतात, पण प्रत्येकीवर ऑक्साइडचा पापुद्रा असतो. कणांना आकार देण्यासाठी पीव्हीपी हे पॉलिमर वापरलं असेल तर त्याचाही लेप. थंड दाबलेल्या टिक्कीत इलेक्ट्रॉन या सांध्यांवर अडखळतात. चांगल्या बिस्मथ टेल्युराइडची वाहकता सेंटिमीटरला १००० सीमेन्सच्या आसपास असते, अशा टिक्कीत ती कितीतरी घसरते. पूड पाण्याने आणि इथेनॉलने धुऊन, निर्वातात वाळवून, हवा लागू न देता गरम दाबली तर कण सांधले जातात. मोजताना मल्टिमीटरची दोनच टोकं लावली तर संपर्काचा रोधही त्यात येतो; चार टोकं हवीत. शिवाय एक टिक्की म्हणजे मॉड्यूल नव्हे, एन आणि पी अशा दोन प्रकारच्या अर्धवाहक तुकड्यांच्या जोड्या लागतात.

‘अंगाच्या उबेवर’: मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर मिळणारं, अशा १२७ जोड्यांचं तयार पेल्टियर मॉड्यूलच घ्या. एका जोडीला अंशामागे ४०० मायक्रोव्होल्ट, म्हणजे सगळ्या मिळून ५० मिलिव्होल्ट. त्वचा ३३ अंश, हवा ३०. त्यातला बराचसा फरक हवेच्या थरातच जिरतो. मॉड्यूलच्या वाट्याला १ अंश आला असं सढळ हाताने धरू. आतला रोध २ ओहम, तर फार तर ०.३ मिलिवॉट. साधा चार्जर ५ वॉट देतो. मे महिन्यात हवाच ३३ वर गेली की तेवढंही नाही, आणि विरार लोकलच्या गर्दीत पलीकडे शेजाऱ्याचा दंड असतो, तोही तितकाच गरम.