गोकाकचा धबधबा हे ज्वालामुखीचे विवर नव्हे

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर पावसाळा लागला की एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की सगळा बेळगाव जिल्हा एका विझलेल्या ज्वालामुखीवर वसलेला आहे. येळ्ळूरचा राजहंसगड हा त्याचा सुळका, गोकाकच्या धबधब्याचा घोड्याच्या नालासारखा वळलेला कडा हे त्याचे विवर, आणि तांबडी माती ही लाव्हारसाने भाजलेली माती आहे. त्याच लाव्हामुळे इथे प्राचीन प्राण्यांचे अवशेष सापडत नाहीत आणि कोयनेचे भूकंप ही तो ज्वालामुखी जागा होत असल्याची खूण आहे, अशी पुस्तीही त्याला जोडलेली असते. आपल्या भूमीबद्दलचे कुतूहल चांगलेच आहे, पण या संदेशातले जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे, आणि ते खरे मानल्याने जिल्ह्याच्या खडकांचा खरा इतिहास झाकला जातो.

राजहंसगडापासून सुरुवात करू. चिकोडी, रायबाग, अथणी हा उत्तर भाग आणि बेळगाव शहराचा परिसर यांच्याखाली काळा बेसाल्ट आहे, आणि तो लाव्हारसाचाच थिजलेला खडक आहे, एवढे त्या संदेशात खरे आहे. परंतु सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वाहिला आणि थरावर थर पसरत गेला. असे थर आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर शिल्लक आहेत, आणि आंध्रात राजमहेंद्रीजवळ मिळणारा बेसाल्ट दख्खनातूनच वाहत गेला असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे एखाद्या गावाखाली लाव्हा सापडला, तर तो त्याच गावातून बाहेर पडला असे सिद्ध होत नाही. राजहंसगडाची टेकडी उंच दिसते, कारण तिच्या भोवतालचा खडक पाण्याने झिजून गेला आणि ती उरली.

गोकाकचे प्रकरण अधिक महत्त्वाचे आहे, कारण तिथला कडा लाव्हाचा मुळीच नाही. घटप्रभा जिथून सुमारे ५२ मीटर खाली कोसळते, तो खडक वालुकाश्म आणि क्वार्टझाइट यांचा, म्हणजे पाण्याखाली साचून घट्ट झालेल्या वाळूचा आहे. भूशास्त्रज्ञ त्याला कलादगी समूह नावाच्या खडकांच्या गटात धरतात. हा समूह ज्या प्रोटेरोझोइक महाकल्पातला आहे, तो महाकल्पच सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी संपला. तेव्हा गोकाकचा खडक कितीही अलीकडचा मानला, तरी दख्खनच्या लाव्हापेक्षा तो निदान आठपट जुना ठरतो. या समूहाच्या वालुकाश्मात ठिकठिकाणी लाटांनी वाळूवर उमटवलेल्या वळ्या दगड होऊन टिकल्या आहेत, आणि लाव्हामध्ये अशा वळ्या उमटत नाहीत. कड्याचे वळण नदीचे काम आहे: भेगांमधून शिरणारे पाणी कमकुवत थर आधी पोखरते, वरचे कठीण ठोकळे आधार सुटल्यामुळे कोसळतात, आणि धबधबा हळूहळू प्रवाहाच्या वरच्या बाजूला सरकत जातो. जिथे पाण्याचा जोर अधिक, तिथे कडा लवकर मागे हटतो, म्हणून त्याला कमानीसारखा आकार येतो. सौंदत्तीजवळ नविलतीर्थाला मलप्रभेने याच समूहाच्या क्वार्टझाइटचा डोंगर आरपार कापला आहे, आणि त्या अरुंद खिंडीचा उपयोग करून तिथे धरण बांधले गेले. रामदुर्गाकडे गेल्यास कलादगीचे थर त्याहूनही पुरातन ग्रॅनाइट आणि नाइस (उष्णता व दाबाने बदललेला पट्टेदार खडक) यांच्यावर विसावलेले आढळतात. ते खालचे खडक झिजून सपाट झाले आणि मगच वरची वाळू साचली, आणि या दोहोंमध्ये कोट्यवधी वर्षांची पोकळी आहे. मला विचाराल तर लाव्हापेक्षा ही पोकळी अधिक थक्क करणारी आहे.

तांबड्या मातीबद्दल. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या बाजूला घरांच्या भिंतींत आणि विहिरींच्या कडांत दिसणारा जांभा दगड आगीने भाजलेला नाही. भरपूर पाऊस आणि उष्ण हवा असलेल्या प्रदेशात खडकातली सिलिका, चुना आणि मॅग्नेशियम पाण्याबरोबर निघून जातात, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम यांची संयुगे मागे राहतात, आणि लोहाच्या गंजामुळे तांबडा रंग येतो. हीच क्रिया पुढे गेली, की बॉक्साइट, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे खनिज, तयार होते. बेळगावचा अ‍ॅल्युमिना कारखाना चंदगडकडच्या पठारांवरचे असेच बॉक्साइट वापरत आला आहे. लाव्हाने भाजल्यामुळे माती तांबडी झाली असती, तर सर्वस्वी बेसाल्टवर असलेल्या अथणीची जमीन काळी का, याचे उत्तर संदेशाला देता येणार नाही.

अवशेषांचे म्हणणे तर नोंदींच्या थेट विरुद्ध आहे. भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी गोकाकजवळच्या चिकदौली येथे नदीकाठच्या गाळातून मिळालेल्या गेंड्याच्या अवशेषांचे वर्णन १८७४ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्या प्राण्याच्या नावात दख्खनचा उल्लेख ठेवला. दक्षिण मराठा मुलखाच्या भूरचनेवरचा त्यांचा सविस्तर अहवाल १८७६ चा आहे. तो गाळ लाव्हा थंड झाल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी साचला, त्यामुळे त्यातले प्राणी लाव्हात जळण्याचा प्रश्नच येत नाही.

राहिला कोयनेचा भूकंप. ११ डिसेंबर १९६७ चा तो धक्का बेळगावातही जाणवला होता, आणि त्याचा संबंध जलाशयातल्या पाण्याच्या भाराशी आणि खोल भेगांत झिरपणाऱ्या पाण्याशी लावला जातो. दख्खनच्या पठारावर आज कुठेही लाव्हा वर येत नाही. ज्या उष्ण स्रोतामुळे तो आला असे मानले जाते, तो भारतीय भूखंड उत्तरेला सरकल्यामुळे आता हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे, आणि ज्वालामुखी जागा आहे तो तिथे.